पोटगीचा आकडा



नंदुरबारहून दोंडाईच्याला जाणाऱ्या रस्त्यावर रनाळे लागते. गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो. दुपारची पंगत उठली, मांडवात माणसे लवंडली, आणि आम्ही पाचसहा जण शेजारच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलो. तेवढ्यात ओळखीतले एक आप्पा जवळ सरकले. लग्नघरी काढू नये असा विषय, म्हणून आवाज उतरवून म्हणाले, "आते काय करानं, सर?"

त्यांची मुलगी दोन वर्षांपासून माहेरी येऊन राहिली आहे. बरोबर चार वर्षांचा मुलगा. जावयाने घटस्फोटाचा अर्ज लावला, त्याची नोटीस नुकतीच हाती पडली होती. आप्पांना घटस्फोटापेक्षा पुढची काळजी अधिक. पोरीचे आणि नातवाचे पोट कसे भरणार? पोटगी किती मिळते?

आता ओट्यावरच्या मंडळींना एवढे निमित्त पुरे झाले. एक जण म्हणाला, चौथा हिस्सा, हे ठरलेलेच आहे. दुसरा म्हणाला, छे, तिसरा. तिसऱ्याने अर्धी जमीनच नावावर करून दिली. कोपऱ्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "पोरगी स्वतः निघून आली ना? मग काही मिळत नाही." आणि एकाने शेवटचा घाव घातला: "जमीन सासऱ्याच्या नावावर आहे, आप्पा. जावई कागदावर भिकारी. भिकाऱ्याकडून काय घेणार?"

मी वकील नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण आकड्याचा प्रश्न आला की गप्प बसवत नाही. मी आप्पांना म्हणालो, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत वकिली करणाऱ्या एका स्नेह्याकडे बसून कायदा आणि काही निकाल वाचले. ओट्यावर सांगितलेले एकही उत्तर धड खरे नव्हते, आणि सर्वांत खोटे होते ते शेवटचे. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पोटगी या शब्दातच पोट आहे. कायदाही पहिल्यापासून पोटापुरताच विचार करीत आला. इंग्रजी अमदानीत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. ज्याच्या अंगात ऐपत आहे त्याने बायकोला आणि मुलांना उघड्यावर टाकू नये, टाकले तर दंडाधिकाऱ्याने महिन्याची रक्कम बांधून द्यावी, असा त्याचा आशय. रकमेला वरची मर्यादा होती ५० रुपये. पुढे १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००. नंतर १९७३ ची नवी संहिता आली, कलमाचा क्रमांक १२५ झाला, पण पाचशेचा आकडा हलला नाही. म्हणजे पाहा, १९५५ साली पाचशे रुपये ही भरभक्कम रक्कम होती. चाळीस वर्षांनी त्यात महिन्याचा किराणाही येईना. इंदूरच्या शाहबानो यांचा खटला बहुतेकांनी ऐकला असेल. त्यांना दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले, आणि एवढ्या रकमेवरून निघालेले प्रकरण १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सारा देश ढवळून गेले. ही वरची मर्यादा केंद्राने २००१ साली काढून टाकली. आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तेच जुने कलम तिच्यात १४४ क्रमांकाने बसले आहे. रकमेला छत नाही. जे न्यायाधीशाला वाजवी वाटेल ते.

हे झाले एक दार. या दाराशी जायला घटस्फोट झालेला असावा लागत नाही. नुसते टाकून दिलेली बाई जाऊ शकते, घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेलीही जाऊ शकते. धर्माची अट नाही. मुसलमान घटस्फोटित स्त्रीलाही हे दार खुले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितले.

दुसरे दार हिंदू विवाह कायद्याचे. आपल्या भागाला हिंदूंचा घटस्फोट कायद्याने मिळाला तो देशाच्या आधी, १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने. तेव्हा रनाळे पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. सगळ्या देशाला तो १९५५ साली मिळाला. या १९५५ च्या कायद्यात दोन कलमे आपल्या कामाची. कलम २४ म्हणजे दावा चालू असेपर्यंतची पोटगी आणि दाव्याचा खर्च. कलम २५ म्हणजे निकालाच्या वेळी किंवा नंतर ठरणारी कायमची पोटगी, मग ती महिन्याच्या महिन्याला असो किंवा एकरकमी. इथे बायकोच मागू शकते असे नाही, नवराही मागू शकतो. त्याकडे मागाहून येतो, कारण शिक्षक मंडळींना त्यात विशेष रस वाटेल.

तिसरे दार २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे. तिन्ही दारांनी जाता येते, पण तिन्हीकडून पूर्ण पूर्ण रक्कम घेता येत नाही. एकीकडे मिळत असेल तर दुसरीकडे सांगावे लागते, आणि ती रक्कम वळती होते.

इथे जरा थांबतो. त्या ओट्यावर एक तरुण शिक्षक बसले होते, भिल्ल समाजातले. ते म्हणाले, "सर, आमच्यात कोर्टाचा कागदच होत नाही. पंच बसतात, काडीमोड होते, आणि हिशेब होतो तो देजाचा. बाईच्या पोटाचा हिशेब कोण करतो?" हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार मोठा आहे, कारण इथे आदिवासी बंधुभगिनीच बहुसंख्य आहेत. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तसे त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिले आहे. त्यामुळे कलम २४ आणि २५ चे दार त्या भगिनींना सहसा बंदच. परंतु कलम १४४ चे दार जातजमात विचारत नाही, आणि २००५ चा कायदाही विचारत नाही. पंचांनी काडीमोड केली म्हणून पोटगीचा हक्क संपला असे मुळीच नाही. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत जे गुरुजी आणि बाई काम करतात, त्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे.

काडीमोडीवरून आठवले. आपल्याकडे सर्वच समाजांत स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेण्याची चाल आहे. त्यात एक ओळ हमखास असते: यापुढे पोटगीवर माझा कोणताही हक्क राहिला नाही. खाली अंगठा किंवा सही, आणि चार साक्षीदार. बाईला वाटते, सही केली, आता तोंड बंद. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात सांगितले की कलम १२५ चा हक्क असा लिहून सोडता येत नाही, तो करार सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून निरर्थक आहे. आता न्यायालयासमोर दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला आणि एकरकमी रक्कम खरोखर हाती पडली, ती गोष्ट निराळी. पण पारावर लिहिलेल्या कागदाला भिऊन घरी बसू नये.

आता मूळ प्रश्न. आकडा ठरतो कसा?

याचे सर्वांत तपशीलवार उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात मिळाले. नागपूरचे जोडपे. मुलगा झाल्यावर थोड्याच दिवसांत, २०१३ च्या जानेवारीत, पत्नी घर सोडून गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने अंतरिम पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ साली तिला महिना १५,००० रुपये दिले आणि मुलाला आधी ५,०००, पुढे १०,०००. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. तिथे २०१८ साली हरला. मग सर्वोच्च न्यायालय. तिथला निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. हिशेब करा: अंतरिम म्हणजे मधल्या काळापुरती पोटगी, आणि तिचा निकाल लागायला सात वर्षे! तान्हे मूल शाळेत जायला लागले. न्यायमूर्तींनाही हे खटकले, आणि त्यांनी एवढ्या एका प्रकरणापुरते न बोलता सगळ्या देशातल्या न्यायालयांना पोटगी कशी ठरवायची याचे नियम घालून दिले.

त्यात पहिली गोष्ट ही की ठरावीक हिस्सा असा नाही. चौथा नाही आणि तिसराही नाही. चौथ्या हिश्शाची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. बंगालमधल्या एका प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी ठरेल. वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले आणि ते गावोगाव पोचले. ते त्या प्रकरणापुरते एक माप होते, कायद्याचा पाढा नव्हे.

मग न्यायाधीश पाहतो काय? दोघांची सामाजिक स्थिती, बायकोच्या आणि मुलांच्या वाजवी गरजा, तिचे शिक्षण, तिचे स्वतःचे उत्पन्न असेल तर ते, आणि ते पुरते का. सासरी ती कोणत्या मानाने राहत होती. संसारासाठी, मुलांसाठी तिने नोकरी सोडली का. दोघांचे वय, लग्न किती वर्षे टिकले. दुसऱ्या बाजूला नवऱ्याची खरी कमाई, त्याचा स्वतःचा खर्च, त्याच्यावर अवलंबून असलेले म्हातारे आईबाप, त्याची देणी. एक वाक्य मात्र मनात धरून ठेवावे: रक्कम इतकी लहान नसावी की बाईला भीक मागावी लागेल आणि इतकी मोठीही नसावी की नवऱ्याचा संसार बुडेल. पोटगी ही शिक्षा नव्हे, असे न्यायालये वारंवार म्हणत आली आहेत. माहेरच्या माणसांनी हेही ऐकून ठेवावे. "त्याला रस्त्यावर आणतो" या ईर्षेने घातलेला अर्ज न्यायाधीशाला लगेच ओळखू येतो.

बायको शिकलेली आहे, कमावू शकते, म्हणून पोटगी नको, असे पुष्कळ नवरे म्हणतात. कमावू शकणे आणि कमावणे यात फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. बी. ए. झालेली मुलगी तान्ह्या पोराला घेऊन माहेरी बसली तर पदवी काही शिजवून खाता येत नाही. उलट, धडधाकट पुरुषाने "मला उत्पन्न नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. अंगमेहनत करून का होईना, त्याने बायकोमुलांना पोसले पाहिजे, असे २०२२ च्या एका निकालात स्वच्छ म्हटले आहे.

हे झाले तत्त्व. पण तत्त्वाने आकडा येत नाही, आकडा येतो उत्पन्नावरून. आणि खेड्यात घोडे अडते ते इथेच. नोकरदाराचा पगार कागदावर असतो. शिक्षकाचे पगारपत्रक मागवले की एका मिनिटात सगळे उघडे. त्यातून कर आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सक्तीच्या कपाती वजा होतात. दावा लागल्यावर स्वखुशीने कर्ज काढून त्याचे हप्ते दाखवले तर ते सहसा चालत नाहीत. शेतकऱ्याचे तसे नाही. त्याचा पैसा वर्षातून दोनतीनदा येतो, कधी येत नाही, आला तर आधी सोसायटीत जातो, आणि सातबाऱ्यावर नाव बापाचे. म्हणूनच ओट्यावरचा तो गृहस्थ एवढ्या विश्वासाने म्हणाला, जावई कागदावर भिकारी.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या त्या निकालात याचाच बंदोबस्त केला. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करायची, आणि त्यासाठी नमुने जोडून दिले. त्यातला एक नमुना खास शेतकऱ्यांसाठी आहे. मी तो वाचला तेव्हा, खरे सांगतो, थोडा चकित झालो. दिल्लीत बसलेल्या माणसांनी शेतकऱ्याच्या घरात डोकावून पाहिल्यासारखे प्रश्न आहेत. तुझी जमीन एकूण किती, किंवा सामाईक जमिनीत तुझा हिस्सा किती? बागायत की कोरडवाहू? वर्षात कोणकोणती पिके घेतोस? गेल्या तीन वर्षांत उत्पन्न काय आले? दुसऱ्याची जमीन बटाईने करतोस का? म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या किती, आणि त्यांच्यापासून मिळते काय? दुधाचा धंदा आहे का? जमिनीवर कर्ज किती? आणखी कोठून पैसा येतो?

हिस्सा, बटाई आणि गुरे हे तीन प्रश्न नीट पाहा. "जमीन बापाच्या नावावर" ही सबब पहिल्या प्रश्नाने पातळ होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा वाटा असतो आणि तो सांगावा लागतो. जमीन खरोखरच बापाची स्वकष्टार्जित असली, तरी ती कसतो कोण? कसणाऱ्याच्या श्रमाला काही किंमत आहेच. तीन वर्षांचे उत्पन्न विचारले आहे तेही शहाणपणाचे. एक वर्ष दुष्काळाचे, एक गारपिटीचे, एक बरे, असे तिन्ही मिळून माणसाची खरी ऐपत दिसते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतो, कोणाच्या शेतातले नाहीत. समजा, सहा एकर कोरडवाहू कापूस, खर्च वजा जाता एकरी १५,००० सुटले, म्हणजे ९०,०००. दोन एकर बागायतीत मिरची, एकरी ६०,००० सुटले, म्हणजे १,२०,०००. दोन म्हशींचे दूध, पेंड-चारा वजा करून वर्षाला ३०,०००. एकूण २,४०,०००, म्हणजे महिना २०,०००. घरात नवरा आणि त्याची म्हातारी आई. माहेरी बायको आणि मूल. डोक्यावर पीककर्ज. न्यायाधीश यातून किती देईल ते मी सांगू शकत नाही, कोणी वकीलही छातीठोक सांगणार नाही. पण महिना २०,००० वर चर्चा सुरू होणे आणि "उत्पन्न शून्य" वर चर्चा सुरू होणे, यातला फरक तुम्हीच पाहा. शून्याचा चौथा हिस्सा शून्यच.

आता नवऱ्याने शपथेवरच खोटे लिहिले तर? लिहितात. बायकाही लिहितात, शिवणकामाचे आणि शिकवणीचे पैसे येत असून "उत्पन्न नाही" असे शपथेवर सांगणाऱ्या मी पाहिल्या आहेत. दोघांनाही न्यायालय खोट्या शपथेबद्दल जाब विचारू शकते, आणि जो माहिती दडवतो त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. शपथपत्राला उत्तर द्यायला चार आठवडे. त्यासाठी दोनापेक्षा अधिक तारखा मागू नयेत. पुन्हा पुन्हा टाळाटाळ केली तर बचावच काढून टाकता येतो. हे सगळे निकालात आहे. प्रत्यक्षात सगळीकडे होत नाही, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयालाच २०२३ साली खालच्या न्यायालयांना याची पुन्हा आठवण द्यावी लागली. तेव्हा तारखेला आपल्या वकिलाने "शपथपत्र कुठे आहे?" असे विचारले पाहिजे, आणि वकिलाला विचारायला लावणे हे आपले काम.

पण खोटे उघडे पडते ते कागदाने. सातबारा आणि आठ-अ आता घरबसल्या संगणकावर दिसतात. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत असते. कापूस, मिरची विकल्याची बाजार समितीतली हिशेबपट्टी असते, दूध घातल्याचे डेअरीचे पुस्तक असते, सोसायटीच्या कर्जाचा उतारा असतो. ज्याचे उत्पन्न शून्य आहे त्याला कोणती सोसायटी कर्ज देते, हा प्रश्न उलटतपासणीत विचारण्यासारखा आहे.

वडीलधाऱ्या गृहस्थांचे उत्तर राहिले: स्वतः निघून आली, म्हणून काही नाही. कलम १४४ मध्ये अपवाद आहेत. बाई व्यभिचारात राहत असेल, किंवा पुरेशा कारणावाचून नांदायला नकार देत असेल, किंवा दोघे आपखुशीने वेगळे राहत असतील, तर या कलमाखाली पोटगी नाही. सगळे वजन "पुरेशा कारणावाचून" या शब्दांवर आहे. मारहाण, छळ, नवऱ्याने दुसरी बाई ठेवणे किंवा दुसरे लग्न करणे, ही पुरेशी कारणे होत. अगदी नवऱ्याने नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला आणि ती गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी जात नाही. न जाण्याचे कारण पाहिले पाहिजे, असे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. बाई घरातून का निघाली, हे तिला कोणीच विचारत नाही. निघाली एवढेच गाव मोजते.

आता शिक्षकांची गोष्ट. नांदेडकडचे एक जोडपे, लग्न १९९२ चे, पत्नी शिक्षिका. घटस्फोट २०१५ साली झाला. मग नवऱ्याने कलम २५ खाली तिच्याकडे महिना १५,००० मागितले. आपल्याला उत्पन्न नाही, आणि तिच्या शिक्षणासाठी आपण खस्ता खाल्ल्या, असे त्याचे म्हणणे. नांदेडच्या न्यायालयाने २०१७ साली अंतरिम म्हणून महिना ३,००० ठरवले. तिने दिले नाहीत, तेव्हा २०१९ साली हुकूम झाला की मुख्याध्यापकांनी तिच्या पगारातून थकबाकीपोटी दरमहा ५,००० कापून न्यायालयात भरावे. ती उच्च न्यायालयात गेली आणि २०२२ साली तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने खालचे हुकूम कायम ठेवले. ही बातमी आमच्या स्टाफरूममध्ये आली तेव्हा पुरुष मंडळींनी फार गंमत केली. मला त्यात गमतीचे काही दिसले नाही. कायद्याने दोघांना एकाच मापाने मोजले, एवढेच. मात्र हे कलम २५ चे. कलम १४४ खाली नवऱ्याला बायकोकडून मागता येत नाही.

वसुलीचे थोडक्यात सांगतो. आता पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्जाला उशीर करू नये; माहेरी काढलेली ती दोन वर्षे कोणी भरून देत नाही. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायद्यात आहे. कलम १४४ ची रक्कम थकली तर वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हिंदू विवाह कायद्याखालच्या कायमच्या पोटगीत आणखी एक सोय आहे, ती शेतकरी घरांत फारच थोड्यांना ठाऊक असते: न्यायालय नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा ठेवू शकते. मग ती जमीन गुपचूप विकून मोकळे होणे सोपे राहत नाही. परिस्थिती बदलली, महागाई वाढली, कोणाची कमाई घटली, तर रक्कम बदलून मागता येते. बाईने पुन्हा लग्न केले तर तिची पोटगी थांबू शकते. मुलाचा हक्क वेगळा आहे, तो आईच्या लग्नाने संपत नाही.

आणि वकिलाची फी? स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तसाच तो अनुसूचित जातीजमातींच्या माणसालाही मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. साधा अर्ज करायचा.

आठ दिवसांनी मी पुन्हा रनाळ्याला गेलो. मुलगी ओट्याच्या आत, उंबऱ्याशी बसली होती. मी कागद-पेन्सिल काढली आणि शेतकऱ्यांच्या नमुन्यातले रकाने एकेक वाचू लागलो. आप्पा म्हणाले, "तिला काय माहीत असणार, सर? व्यवहार सगळा सासरा पाहतो."

जमीन किती, म्हणून विचारले. तिने गट नंबरासकट सांगितली. ती निंदायला रोज त्याच गटात जात होती. कापूस किती वेचला? तीन वर्षांचे तीन आकडे, कारण मजुरांच्या बरोबर वेचणीचा तोल तीच धरीत होती. मिरचीचा शेवटचा तोडा कोणत्या महिन्यात झाला, कोणत्या अडत्याकडे माल गेला, गाडीभाडे किती पडले. बटाईने कोणाचे शेत केले होते, ते सासऱ्याने कधी कागदावर आणलेच नव्हते. म्हशीचा रकाना आला तेव्हा ती प्रथमच थोडी हसली. दोन म्हशी, एक सकाळी पाच लिटर देते आणि संध्याकाळी चार, दुसरी आटली आहे. दुधाच्या पुस्तकावर नाव सासऱ्याचे असले तरी आत लिहिलेले अक्षर तिचेच होते.

आप्पा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

अर्ज त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात दाखल झाला. जावयाचे शपथपत्र अजून यायचे आहे. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.